लस मोठ्यांचीही असते

सुरुवातीला एक छोटीशी परीक्षा घेऊ. आपल्या घरातल्या किंवा नात्यातल्या लहानग्याची पुढची लस कधी आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा हात वर करा. छान, निम्म्याहून जास्त हात वर आले. आता दुसरा प्रश्न. कोविडची सोडून, स्वतः शेवटची लस कोणती आणि कधी घेतली हे कुणाला आठवतं? चार... पाच हात. आणि तिसऱ्या रांगेतले काका म्हणतायत, कुत्रं चावलं होतं म्हणून आठवतंय! हसू नका, काकांचं बरोबर आहे. मोठ्या माणसाला लस म्हणजे काहीतरी चावल्यावर, लागल्यावर किंवा परदेशी जाताना घ्यायची गोष्ट, हीच आपली समजूत आहे. आज तिच्याबद्दलच बोलायचंय.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. आज आम्ही निरोगी माणसांबद्दल बोलणार आहोत. ज्यांना मधुमेह आहे, किडनीचा, यकृताचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे, प्लीहा काढलेली आहे, केमोथेरपी चालू आहे, त्यांची यादी वेगळी आणि मोठी असते. ती त्यांनी आपल्या डॉक्टरांबरोबर बसून करायची. इथे ऐकलेल्यावरून नाही.

गंमत अशी की आपल्याकडे मोठ्यांच्या लसीकरणाला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान मुंबईतलं आहे. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मांडवीत प्लेग निघाला. वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. ही लस बाळांची नव्हती, कमावत्या, हिंडत्या-फिरत्या माणसांची होती. परळची हाफकिन संस्था आपण सगळे ओळखतो, ती याच कामातून उभी राहिली.

पुढे मात्र गाडी लहान मुलांकडे वळली, आणि ते योग्यच झालं, कारण मुलं मरत होती. भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला, १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम. ही दोन सालं लक्षात ठेवा. आमच्या दृष्टीनं आजच्या व्याख्यानातली ती सगळ्यात कामाची माहिती आहे. का, ते सांगतो.

परदेशातल्या वेबसाइटवर मोठ्यांच्या लशींचा तक्ता बघितला तर पहिली ओळ असते, ‘धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर दर दहा वर्षांनी’. बूस्टर म्हणजे काय? आधी शिकवलेल्या धड्याची उजळणी. पण ज्यांचा जन्म १९७८ च्या आधीचा आहे, किंवा पंच्याऐंशीपर्यंतचा आहे पण गाव आडबाजूचं होतं, त्यांच्यापैकी अनेकांचा मूळ धडाच झालेला नाही. बालपणीचे ट्रिपलचे तीन डोस कुणी दिलेच नाहीत. दंडावर जो वण दिसतो तो देवीचा किंवा बीसीजीचा. त्याचा धनुर्वाताशी संबंध नाही. मग उजळणी कशाची करणार? अशा माणसाला एक सुई पुरत नाही, तीन लागतात. पहिली आज, दुसरी महिन्यानं, तिसरी त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. त्यातली एक टीडॅप असावी, बाकीच्या टीडी. त्यानंतर मग दर दहा वर्षांनी एक.

हे नुसतं तक्त्यातलं सांगत नाही आहोत. आमच्या माहितीतले एक गृहस्थ, साठी ओलांडलेले, शेती करणारे. एक दिवस तोंड नीट उघडेना. भाकरीचा घास जाईना. दाढ आली असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना काही सापडलं नाही. दोन दिवसांनी मान आखडली, पाठ ताठ व्हायला लागली, दाराचा आवाज झाला तरी अंगाला झटका यायला लागला. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. जवळपास महिनाभर अतिदक्षता विभागात होते, त्यातला बराच काळ व्हेंटिलेटरवर. वाचले. घरच्यांनी आठवून आठवून सांगितलं की दहा-बारा दिवसांपूर्वी पायात बाभळीचा काटा गेला होता. काढून टाकला, विसरून गेले.

आम्हाला त्यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? त्यांच्या पत्नीला तिन्ही बाळंतपणांत धनुर्वाताच्या सुया मिळाल्या होत्या. गरोदर बाईला सरकारी यंत्रणेनं शोधून शोधून लस दिली, त्याचं फळ म्हणून माता आणि नवजात बाळांमधला धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ साली अधिकृतपणे मान्य झालं. मोठंच काम आहे ते. पण त्याच घरातल्या पुरुषाला साठ वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही. तो कधी गरोदर राहिला नाही ना!

धनुर्वात हे नाव बघा किती नेमकं आहे. शरीर धनुष्यासारखं वाकतं म्हणून धनुर्वात. त्याबद्दल तीन गैरसमज आम्हाला रोज भेटतात. पहिला, गंजलं लोखंड. गंजात काही नसतं. जंतूचे बीजाणू मातीत, शेणात, रस्त्याच्या धुळीत असतात. गंजलेला खिळा बहुतेकदा मातीत पडलेला असतो आणि खोल घुसतो, म्हणून त्याची बदनामी झाली. दुसरा, ‘टीटी सहा महिने टिकते’. हे कुठून आलं देव जाणे, पण महाराष्ट्रभर आहे. खरचटलं की सुई, सहा महिन्यांनी पुन्हा खरचटलं की पुन्हा सुई. मूळ तीन डोस पूर्ण झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखम झाली तर शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तरच सुई लागते. माती-शेण गेलेली किंवा खोल जखम असेल तर पाच वर्षांचा हिशोब. उगाच वारंवार घेतली तर दंड टम्म सुजतो, फायदा काही नाही. आणि तिसरा गैरसमज सगळ्यात घातक: ‘लागलं की घेऊ की’. काटा टोचल्यावर कोण दवाखान्यात जातं? आपल्यापैकी कुणीही जात नाही. म्हणून लस जखमेच्या आधी अंगात हवी.

अजून एक. गोवरासारख्या आजारात शेजारपाजारच्या सगळ्यांनी लस घेतली तर आपल्यालाही आडोसा मिळतो. धनुर्वात माणसाकडून माणसाला होतच नाही, मातीतून होतो. त्यामुळे अख्ख्या गावानं लस घेतली तरी न घेतलेल्याला काडीचा उपयोग नाही. आणि आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, कारण विष इतक्या थोड्या मात्रेत माणसाला पाडतं की शरीराला त्याची ओळखही पटत नाही. त्या गृहस्थांनाही बरं झाल्यावर लशीचे तिन्ही डोस घ्यावेच लागले.

आता टीटी, टीडी, टीडॅप हा काय घोळ आहे? पूर्वी नुसती धनुर्वाताची सुई यायची, ती टीटी. गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यक्रमात तिच्या जागी टीडी आली, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाची थोडी मात्रा. कारण घटसर्प गेलेला नाही, आणि लहानपणीच्या लशीचा जोर वाढत्या वयात ओसरतो. हा घसा आतून आवळणारा, हृदयावर जाणारा आजार आता मोठ्या मुलांत आणि मोठ्या माणसांत दिसतो. टीडॅपमध्ये तिसरी भर डांग्या खोकल्याची. मोठ्या माणसाला डांग्या खोकला होतो तेव्हा तो ‘डांग्या’ वाटत नाही. महिना-दोन महिने न जाणारा खोकला एवढंच. पण तोच खोकला आजोबांनी दीड महिन्याच्या नातवाला दिला तर बाळाचा श्वास थांबू शकतो. बाळाला पहिली लस मिळते सहाव्या आठवड्यात, आणि त्यानंही पुरतं संरक्षण लगेच येत नाही. म्हणून गरोदरपणात, साधारण सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात आईला टीडॅप देतात. आईची प्रतिद्रव्यं बाळाला जन्माआधीच मिळतात. घरात नातवंड येणार असेल तर आजी-आजोबांनीही तो एक डोस त्याच्या आधी दोन आठवडे तरी घेऊन टाकावा. बारशाच्या बाळलेण्यांपेक्षा हा आहेर बरा, असं आम्ही म्हणतो आणि आज्या आमच्याकडे रागानं बघतात.

पुढचा विषय कावीळ. इथे आपल्या भाषेनं थोडी फसवणूक केली आहे. कावीळ हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या आजारांना वापरतो. पाण्यातून, अन्नातून येणारी कावीळ म्हणजे ‘ए’ आणि ‘ई’. रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला येणारी ‘बी’ आणि ‘सी’. लोक उकळलेलं पाणी पितात, उसाचा रस सोडतात आणि म्हणतात, आम्हाला काविळीची भीती नाही. पण हिपॅटायटिस ‘बी’ पाण्यातून येतच नाही. न्हाव्याकडचं आधी वापरलेलं ब्लेड, जत्रेतलं गोंदण, नीट निर्जंतुक न केलेली सुई, घरात एकमेकांचं वापरलेलं रेझर, तिचे रस्ते हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात ‘बी’ची लागण असलेली माणसं जवळपास तीन कोटी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. बाळपणी लागण झाली तर दहातल्या नऊ जणांत ती कायमची राहते. मोठेपणी झाली तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर विषाणूला हाकलून लावतं. मग मोठ्यांनी कशाला घ्यायची, असं कुणी विचारेल. एक म्हणजे त्या उरलेल्या पाचांत आपण असणार की नाही हे आधी कळत नाही, आणि पुढे यकृत सुकणं, यकृताचा कॅन्सर हे वीस-पंचवीस वर्षांनी समोर येतं. दुसरं म्हणजे ही लस आपल्या देशात स्वस्त आहे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकनं देशी लस बाजारात आणली आणि तेव्हापासून किमती खाली आल्या. सरकारी कार्यक्रमात ती २००२ पासून काही भागांत आणि २०११ पासून देशभर आली. म्हणजे आज पंचविशी-तिशी-चाळिशीत असलेल्यांपैकी ज्यांना आईवडिलांनी खासगीत दिली नाही, ते कोरेच आहेत. आमचा सल्ला असा की आधी रक्ताची एक साधी तपासणी करा, लागण आहे का ते बघायला. नसेल तर तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. तिसरा डोस विसरण्यात आपला देश जगात पहिला येईल. विसरलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेला घ्यायचा. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि लाजेपोटी ते परत येतच नाहीत.

आता फ्लू. पुणेकरांना ऑगस्ट २००९ आठवत असेल. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, रुमाल तोंडाला बांधून लोक फिरायला लागले. तोच विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूतला एक झाला आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. चांगल्या वर्षी ती डॉक्टरकडे जाण्याइतका आजार चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते. कमी वाटतं ना? खरंच काही फार नाही. म्हणून आम्ही तिशीतल्या धडधाकट माणसाला ‘घेतलीच पाहिजे’ असं म्हणत नाही. साठीच्या पुढच्यांना, गरोदर स्त्रियांना, दवाखान्यात काम करणाऱ्यांना आणि घरात तान्हं बाळ किंवा आजारी म्हातारं माणूस असलेल्यांना मात्र आग्रहानं सांगतो. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे एप्रिल-मे ही वेळ बरी. लशीचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. आणि घेताना त्या वर्षीची ताजी लस आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. औषधाच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये गेल्या वर्षीची उरलेली असू शकते.

आता ज्या विषयावर सगळ्यात जास्त चिठ्ठ्या आल्यात तो. नागीण.

नागीण म्हटलं की आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो. कमरेभोवती किंवा छातीभोवती फोडांचा पट्टा निघतो, ‘तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो’ असं म्हणतात. मग मंत्र टाकणारा बघायचा, गेरू लावायचा, नागीण उतरवून घ्यायची. पट्टा पुढे गेला नाही की मंत्राला गुण आला! तर तो पट्टा पुढे जात का नाही, ते ऐका. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू शरीरातून जात नाही, मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपून राहतो. पन्नाशीनंतर प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की एखाद्या गाठीत जागा होतो आणि त्या एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. डाव्या बाजूचा मज्जातंतू डावीकडेच, उजव्या बाजूचा उजवीकडेच. शरीराच्या मध्यरेषेशी त्याची हद्द संपते. त्यामुळे निरोगी माणसात तोंड आणि शेपूट मिळायचा प्रश्नच सहसा येत नाही. मांत्रिकाची फी निसर्गच कमावून देतो.

पण म्हणून नागीण साधी आहे असं नाही. फोड दोन-तीन-चार आठवड्यांत सुकतात, ठणका मात्र काहींना महिनोन्‌महिने, वर्षभरही राहतो. सदऱ्याचं कापड लागलं तरी कळ येते. आमच्याकडे निवृत्त शिक्षिका यायच्या, त्या म्हणायच्या, ‘डॉक्टर, पदर सहन होत नाही हो.’ डोळ्याच्या मज्जातंतूवर आली तर नजरेला धोका. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या तर त्यांचा जास्त उपयोग होतो, आणि नेमके तेच तीन दिवस गेरू लावण्यात जातात.

यावरची नवी लस, शिंग्रिक्स, भारतात २०२३ मध्ये आली. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. चाचण्यांमध्ये तिनं नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दाखवलं, सत्तरीच्या माणसांतही जवळपास तेवढंच. मोठ्या वयात इतकं चांगलं काम करणाऱ्या लशी थोड्याच आहेत. नागीण येऊन गेलेल्यांनीही बरं झाल्यावर ती घ्यायला हरकत नाही, ती परत येऊ शकते. दोन अडचणी प्रामाणिकपणे सांगतो. दंड चांगलाच दुखतो, एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी येते. लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नका. आणि दुसरी म्हणजे किंमत. दोन्ही डोसांचे मिळून वीस हजारांच्या घरात जातात. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला दोघांचे मिळून चाळीस. ही लस चांगली आहे असं म्हणताना आम्हाला हा आकडा विसरता येत नाही, आणि जे सांगणारे तो आकडा सांगत नाहीत त्यांच्यापासून जरा जपून राहा.

तरुण मंडळींसाठी दोन गोष्टी, दोन्ही मुख्यतः मुलींच्या पण फक्त मुलींच्या नाहीत. पहिली एचपीव्ही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना होतो, आणि जवळपास प्रत्येक वेळी मुळाशी हा विषाणू असतो. तो शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. लस घेण्याची उत्तम वेळ नऊ ते चौदा वर्षं. पण सव्विसाव्या वर्षापर्यंत राहून गेलेली असेल तर जरूर घ्यावी, पंधरा वर्षांनंतर सुरू केली तर साधारणपणे तीन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली, ती मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. सव्विसाच्या पुढे, पंचेचाळीसपर्यंत? घेता येते, पण फायदा कमी होत जातो, कारण लस आधीच झालेली लागण घालवत नाही. चाळिशीतल्या बाईकडे तेवढेच पैसे असतील तर त्यातून आधी तपासणी करून घ्या, असं आम्ही सांगतो. आणि लस घेतलेल्यांनीही तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही.

दुसरी रुबेला. मुलीला स्वतःला ती किरकोळ पुरळ-तापासारखी जाते. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाली तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला येतो. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध १९४१ मध्ये पहिल्यांदा दाखवला, मोतीबिंदू घेऊन जन्मणारी बाळं एकदम वाढलेली बघून. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, त्यात पंधरा वर्षांखालच्यांना मिळाली. त्या वेळी जे कॉलेजात होते ते राहिले. लग्नाच्या तयारीत पत्रिका बघतात, त्याबरोबर ही एक सुई बघा. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे. गरोदरपणात चालत नाही आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत.

बाकीच्या भरभर सांगतो. कांजिण्या झाल्याच नसतील आणि लसही नसेल, तर दोन डोस, कारण मोठेपणी कांजिण्या बऱ्याच त्रासदायक होतात. हीही जिवंत लस. हिपॅटायटिस ‘ए’: आमच्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणी नकळत होऊन गेलेली असते, पण फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या आजच्या मुलामुलींना नसते, आणि ती होस्टेलला जातात तेव्हा मेसच्या पाण्यात गाठते. त्यांच्यासाठी विचार करा. टायफॉइडच्या नव्या, एकाच डोसच्या लशीचं सरकारी पातळीवरचं पहिलं मोठं काम २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं मुलांसाठी केलं. बाहेरचं खाणाऱ्या, सतत फिरतीवर असणाऱ्या मोठ्यांनाही ती उपयोगी. न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकॉकसची लस पासष्टीनंतर. काही देशांत आता पन्नाशीपासून सांगतात. रेबीजची आगाऊ लस प्राण्यांचे डॉक्टर, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारे यांच्यासाठी. बाकीच्यांनी एवढं पक्कं धरा: कुत्रं चावलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, मिरची, चुना काही नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं इतिहासजमा झालीत, आता दंडात चार किंवा पाच वेळा घ्यायची असतात. आफ्रिकेतल्या अनेक देशांत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणार असाल तर पीतज्वराची लस, प्रवासाच्या दहा दिवस तरी आधी, सरकारमान्य केंद्रातच. कोविडच्या डोसांचा सल्ला वय आणि आजारानुसार बदलत आलाय, तो आज बाजूला ठेवू.

आता भीतीबद्दल. ‘लशीनं काही होत नाही ना?’ असं विचारलं की आमच्यातले काही जण ‘काही होत नाही’ म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. होतं. दंड दुखतो, ताप येतो. गंभीर ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्याला येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवतात. ती पंधरा मिनिटं चहाला बाहेर जाऊ नका. फ्लूच्या लशीनंतर नसांचा एक आजार, गियाँ-बारे, दहा लाखांत एक-दोन जणांना होतो असं मानतात, पण फ्लूच्या आजारामुळे तो होण्याची शक्यता त्याहून जास्त आहे.

आणि चुकाही होतात. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिन यांची प्लेगची लस टोचली आणि १९ माणसं दगावली. कशानं? धनुर्वातानं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. ठपका मात्र हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, नोकरी गेली, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. लशीत दोष नव्हता, हाताळण्यात होता. म्हणून आजही तुम्ही बघायचं ते हेच: सुई समोर फोडली का, बाटलीवरची मुदत कोणती, लस फ्रिजमधूनच काढली ना. दुकानातून स्वतः विकत घेऊन, पिशवीत टाकून, उन्हातून दुपारी दवाखान्यात आणणं बंद करा. नाइलाज असेल तर बर्फाच्या डब्यातून आणा, पण लस थेट बर्फाला लागू देऊ नका. टीडी, हिपॅटायटिस ‘बी’सारख्या लशी गोठल्या की निकामी होतात.

शेवटी ती पैशाची चिठ्ठी. एका ताईंनी विचारलंय: ‘मी पंचेचाळीस, हे बावन्न, सासूबाई चौऱ्याहत्तर. तिघंही ठणठणीत. वर्षाला पाच-सहा हजार बाजूला काढू शकतो. कुठून सुरू करू?’ ताई, इतका स्पष्ट प्रश्न आम्हाला क्वचित येतो. पहिल्या वर्षी तिघांच्याही धनुर्वात-घटसर्पाचं बघा. तुमच्या बाळंतपणातल्या सुया मोजा, यांच्या बहुधा नसतीलच, सासूबाईंचं त्यांना विचारा. ज्यांची मोजणी लागत नाही त्यांचे तीन डोस. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात टीडी आहे का ते आधी विचारा, तिथे पैसे लागत नाहीत. मग तुम्हा दोघांची ‘बी’ची तपासणी आणि तीन डोस. सासूबाईंना मे महिन्यात फ्लू. एवढ्यात पहिलं वर्ष निघेल. दुसऱ्या वर्षी सासूबाईंची न्यूमोनियाची. नागीण तिसऱ्या वर्षी बघू, आणि तेव्हाही आधी सासूबाई, मग हे. शहरात काही ठिकाणी ‘मोठ्यांचं लस पॅकेज’ म्हणून सगळं एकदम एका बिलात देतात. ते घेऊ नका. आणि प्रत्येक सुईची तारीख, लशीचं नाव घरच्या एका वहीत लिहा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा म्हणजे सापडेल.

दुसऱ्या रांगेतून हात वर आहे... हो आजी, विचारा. ‘वय शहाऐंशी, आता कशाला?’ आजी, तुम्ही जिना चढून या हॉलपर्यंत आलात. फ्लूची घ्या. बाकीचं खाली चहा घेताना बोलू, तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणली असेल तर तीही बघतो.